आमच्या स्कूटरचा शटडाऊन

जगातली कोणतीही वस्तू पुरती दुरुस्त झाली, हे आमच्या शेजारच्या भाऊजींनी आजवर कबूल केलेलं नाही. उद्या प्रत्यक्ष ब्रह्मदेवानं त्यांना वर बोलावून पृथ्वी दाखवली, तरी ते आधी कान लावून ऐकतील आणि म्हणतील, "आवाज येऊन राहिला बाप्पा थोडा. खोलून पाहा लागते." हे 'खोलून पाहा लागते' म्हणजे त्यांचा गुरुमंत्रच. मिक्सर म्हणू नका, पंखा म्हणू नका, गणपतीसमोरची लायटिंगची माळ म्हणू नका, त्यांच्या नजरेला पडली की तिच्या पोटातला जीव बाहेर आलाच म्हणून समजा. एकदा चरोद्याला एका लग्नाला गेलो होतो आम्ही सगळे. इकडे मंगलाष्टकं सुरू आणि भाऊजी गायब. कुठे, तर मांडवामागे जनरेटरपाशी उकिडवे बसलेले. जनरेटर चांगला चालू होता हो! पण ह्यांना त्याची धडधड पटली नाही. शेवटच्या 'सावधान'ला लाइट गेली, मग आली, आणि हे कृतकृत्य चेहऱ्यानं नवरीला आशीर्वाद द्यायला पुढे झाले. तिच्या पिवळ्या शालूवर खांद्यापाशी चार काळी बोटं उमटली ती उमटलीच. अल्बममध्येही आहेत.

पण मिक्सर, जनरेटर हे सगळं येता-जाता. त्यांचा खरा जीव स्कूटरवर. आमच्या ह्यांची आणि भाऊजींची पोलादाच्या प्लांटमधली नोकरी बरोबरीची, गाव दोघांचंही नागपूरकडचं, क्वार्टरं भिंतीला भिंत लागून, आणि स्कूटरीही दोघांनी जोडीनंच घेतलेल्या. त्यांची राखाडी, आमची निळी. आमचे हे लोखंड लाटायच्या रोलिंग मिलमध्ये, भाऊजी भट्टीवर. सकाळच्या शिफ्टला दोन्ही स्कूटरी आधी आडव्या केल्या जायच्या, मग सरळ, मग किक, आणि मग निळ्या धुरात आमची सगळी गल्ली खोकायची. रिटायर झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. भाऊजींनी प्लांटच घरी आणला. स्कूटर उघडायची तर त्याला ते 'दुरुस्ती' म्हणायचे नाहीत, 'शटडाऊन' म्हणायचे. प्लांटमध्ये भट्टी बंद ठेवून मोठं काम काढतात ना, तसा. आणि शटडाऊन म्हटला की टॅग आला. बिस्किटाच्या डब्याचं झाकण लाल रंगवून त्यावर त्यांनी पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'काम चालू है, हाथ न लगाएँ', आणि ते तारेनं हँडलला अडकवलेलं. प्लांटचा नियम असा की टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. बाकी कोणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा बाप. कारण मशीनच्या पोटात माणूस असतो, आणि बाहेरून कोणी बटण दाबलं तर संपलंच. हा नियम भाऊजी घरीही इतका पाळायचे, की एकदा टॅग लावून ते दुर्गला कोर्टाच्या कामाला गेले, तर त्यांच्या बायकोला नुसतं झाडायला स्कूटर सरकवायची होती, ती बिचारी संध्याकाळपर्यंत झाडू घेऊन थांबली.

मग आमच्या ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, आणि त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली. दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचं पुस्तक दिलं आणि मला बजावून सांगितलं, "बोलायला लावा त्यांना. नाही बोलले तर हळूहळू तेही जाईल, जे परत येऊ शकतं." मी रोज पुस्तक घेऊन बसायची. म्हणा आंबा. म्हणा कमळ. आता सांगा, ज्या माणसानं जन्मभर लालभडक लोखंड सापासारखं सळसळत जाताना पाहिलं, त्याच्या पुढ्यात मी बसून 'म्हणा कमळ'! हे भिंतीकडे तोंड करायचे. शेवटी शेवटी तर मी पुस्तक हातात घेतलं की डोळेच मिटून घ्यायचे. घरात आवाज होता तो फक्त कुकरच्या शिट्टीचा.

अशातच एका रविवारी भाऊजी फाटक ढकलून आत आले. ह्यांची चौकशी नाही, 'कसं काय' नाही. सरळ शेडमधली आमची निळी स्कूटर ओढत व्हरांड्यात आणली, ह्यांच्या खुर्चीच्या अगदी पुढ्यात उभी केली आणि लाल टॅग लावला.

"भाऊजी, हे काय?"

"शटडाऊन हाय वयनी."

"अहो, पण आता चालवणार कोण तिला?"

"चालवाले कोण म्हणून राहिलं? मेंटेनन्स अलग, चालवणं अलग." आणि मग जणू मीच स्टोअरकीपर असल्यासारखं, "एक परात द्या. अन् एक जुना ब्रश. अन् रॉकेल."

त्या दिवसापासून माझा संसार त्यांच्या ताब्यात गेला. पुरणाच्या परातीत नटबोल्ट, लोणच्याच्या बरणीच्या झाकणात कार्बोरेटरचे बारीकसारीक तुकडे, तुपाच्या वाटीत ग्रीस. माझा चांगला दात घासायचा ब्रश एकदा प्लग घासायला गेला, ते मला दुसऱ्या दिवशी तोंडात घातल्यावर कळलं. पोह्यांना पेट्रोलचा वास यायचा. मी कुरकुर केली की म्हणायचे, "वयनी, भट्टीवर आमी धुरातच डबा खाल्ला. पचते सगळं."

पण खरी गंमत वेगळीच. हा माणूस, ज्याला त्याच्या स्वतःच्या अंगणात मी अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून वायसर बसवताना पाहिलं होतं, तो आमच्या व्हरांड्यात आला की ठार बावळट व्हायचा. स्प्रिंग उलटी. स्क्रू भलत्याच भोकात. एका रविवारी सगळं जोडून झालं आणि ते किक मारायला लागले. मारतायत, मारतायत, सदऱ्याला घामाची धार. स्कूटर ढिम्म. भाऊजी पेट्रोल पंपवाल्याला शिव्या देतायत, हवेला देतायत, स्कूटरच्या कंपनीला देतायत. आणि प्लगची वायर बाजूला आपली मोकळी लोंबतेय. मलासुद्धा दिसली, आणि मला स्कूटरमधलं फक्त मागचं सीट कळतं. ह्यांना तर दिसणारच. ह्यांनी काठी आपटली. भाऊजींचं लक्ष नाही. पुन्हा आपटली. भाऊजी म्हणतात, "थांब बे, आता होतेच चालू." पुन्हा किक. ह्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. मी घाबरून पाणी आणायला वळले, आणि मागून आवाज आला,

"वा... वा... वायर!"

माझ्या हातातला तांब्या जो पडला, त्याचा पोचा अजून आहे. मी तो मुद्दाम तांबटाकडे दिलेला नाही.

आणि भाऊजींनी काय करावं? टाळ्या? मिठी? नाव नको. खाली वाकून वायर पाहिली आणि वैतागून म्हणाले, "असं? मंग आधी सांगाले काय झालं होतं तुले? घाम काढला माह्या!"

त्यानंतर शब्द येत गेले, पण आंबा-कमळ नव्हे. उलटं. ढिल्लं. गाढवा. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, आजोबा आज कोणता नवीन शब्द? तर ह्यांनी स्वच्छ सांगितलं, "नालायक." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, प्रगती आहे.

मला कळायला मात्र वेळ लागला. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज पाहत होते. हे खुर्चीत पेंगत होते. भाऊजींनी वायर घेतली, अशी टक्कन प्लगवर बसवली, बोटानं हलवून पक्की केली. मग मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूच ती परत काढून लोंबती सोडली. मग घसा खाकरून जोरात, "कावून बे चालू नाही होऊन राहिली ही?" आणि तेवढ्यात मी त्यांना खिडकीत दिसले. चोरी पकडल्यासारखं तोंड झालं त्यांचं. मला खूप काही म्हणायचं होतं. ते ओळखून माणूस काय म्हणतो, तर "वयनी, चहात अद्रक टाका थोडा." मी अद्रक टाकलं. आमच्यात त्या विषयावर आजपर्यंत एवढंच बोलणं झालं आहे.

शब्दांची वाक्यं व्हायला हवीत म्हणून असेल, पुढे भाऊजी स्कूटरला नवी करायच्या मागे लागले. हा उद्योग त्यांनी मात्र मनापासून केला, इथे नाटक नव्हतं. नवा एलईडी दिवा लावला, तो इतका प्रखर की समोरच्या घरातला कोंबडा रात्री आरवला. ट्रकचा वाटावा असा हॉर्न बसवला. मोबाइल चार्ज करायचं सॉकेट लावलं, जिला जाग्यावरून हलायचं नाही त्या स्कूटरला! प्रत्येक गोष्टीला ह्यांचा विरोध, आणि विरोध करायला वाक्य लागतंच. "जुना... दिवा... बरा होता." भाऊजी म्हणायचे, "तुले काय समजते? तू लोखंड लाटणारा माणूस." हे म्हणायचे, "तू... कोळसा... टाकणारा." असे दुपारभर भांडायचे. डाव्या हातानं पाना धरून हे मग एखादा नट स्वतः आवळायचे आणि भाऊजी गुपचूप बोल्ट धरून ठेवायचे. आत वरणाला फोडणी घालताना मला वाटायचं, हे भांडण असंच चालू दे रे बाबा, कधी मिटू नको देऊस.

पण रिटायर झाल्यावर भाड्यानं राखलेलं क्वार्टर कोणाचं जन्माचं असतं? भाऊजींच्या मुलानं बोरसीत घर बांधलं आणि आईबापाला तिकडे न्यायचं ठरवलं. म्हणायला जवळच, पण सुनेनं सांगून टाकलं, या वयात हायवेवर स्कूटर चालवायची नाही. जायच्या आदल्या दिवशी भाऊजी आले. कधी नव्हे ते हात स्वच्छ धुतलेले. स्कूटर आडवी केली, सरळ केली, एक किक मारली. पहिल्या किकला चालू! काय आवाज होता तिचा, मांजरीसारखा. मग त्यांनी लाल टॅग सोडवला, ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "घे. काम पुरं झालं. हँडओव्हर."

त्यांच्या तोंडून 'काम पुरं झालं' हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं, आणि देवाशपथ, ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. त्यानंतर परात लखलखीत, पोह्यांना पोह्यांचाच वास, आणि ह्यांचे शब्द पुन्हा कमी कमी व्हायला लागले. रविवारी हे त्या धडधाकट स्कूटरकडे बघत बसायचे. बिघाडच नाही, तर बोलायचं कोणाशी आणि कशाबद्दल? मी घाबरले. चित्रांचं पुस्तक शोधून ठेवलं.

ते उघडायची वेळ आली नाही. एका सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकत येऊन उभे राहिले आणि अडखळत का होईना, पण एका दमात म्हणाले, "त्याले... फोन लाव. सांग, गाडी... चालू होऊन नाही राहिली."

मी व्हरांड्यात जाऊन पाहिलं. प्लगची वायर लोंबत होती. डाव्या हातानं ओढून काढलेली, कव्हरवर बोटांचे ठसे. आणि हँडलला, वाकडा का होईना, लाल टॅग लावलेला.

फोन लावला. भाऊजी म्हणाले, "वयनी, प्लगची वायर पाहा बरं निघाली काय..." आणि थांबले. मग घसा साफ केल्याचा आवाज, आणि, "नाही, नाही. राहू द्या. कोणी हात लावू नका. मोठं काम दिसते. मी ऑटो पकडून येतो."

आले. फाटकातूनच टॅग पाहिला. "हा कोणं लावला?"

"मी," हे म्हणाले.

"मंग मी काढू शकत नाही. रूल हाय. तुलेच काढा लागते."

"नाही... काढत."

"नको काढू." भाऊजी उकिडवे बसले, बाह्या वर केल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वयनी, परात."

मी परात आणून दिली. पुरणाचीच दिली. तो टॅग आजही तिथेच आहे. ऊन खाऊन लालाचा गुलाबी झालाय, अक्षरं अर्धी उडालीत, आणि दर रविवारी बोरसीहून ऑटो येते. भाऊजींना आता बारीक स्क्रू दिसत नाहीत, कधी कधी वायर खरोखरच लावायची राहते. हे ओरडतात. मी आत अद्रक किसते आणि त्या टॅगवर जे लिहिलंय तेच मनातल्या मनात वर बसलेल्याला सांगते. काम चालू आहे बाबा, एवढ्यात हात लावू नकोस.