मामांची जास्वंद

माझे मामा न्हावी. डोक्यावर एकही केस नाही, आणि हात मात्र एक क्षण स्वस्थ नाही. टकलू न्हाव्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास कसा बसायचा, असं कुणी छेडलं की म्हणायचे, "डॉक्टर आजारी पडत नाही का?"

मामींनी एकदा बहिणीकडून जास्वंदीची फांदी आणली. पेन्सिलीएवढी जाड, तिरकी कापलेली. ओल्या वाळूत खोचून ठेवली, मुळं फुटल्यावर दुकानाबाहेर उन्हाच्या जागी अर्ध्या पिंपात लावली. मामांना बजावलं, "पाणी घाला, पण तळं करू नका. बाकी तिचं ती बघेल."

झुडूप जोमानं वाढलं. पण एखादी फांदी बाहेर डोकावली की मामांना ती कानावर आलेल्या केसांसारखी टोचायची. सकाळी शटर वर करायच्या आधी ते कात्री घेऊन पिंपाभोवती फिरायचे. दोन वर्षांत जास्वंद शाळकरी पोराच्या डोक्यासारखी गोल गरगरीत झाली. फूल एक नाही. वर दुकान झाडून निघालेले केसही ते खत म्हणून तिच्याच मुळाशी ढकलायचे, त्यामुळे पानं मात्र माजलेली.

"तुझ्या बहिणीची जातच तशी," मामा एकदा जेवताना बोलून गेले. "नुसता पसारा."

मामींनी ताट सरकवलं आणि अबोला धरला. बहिणीच्या दारात तीच जास्वंद लाल फुलांनी लगडली होती. त्यानंतर मामी दुपारी डबा घेऊन यायच्या आणि खुर्चीत साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "यांना म्हणावं, भाजीत मीठ कमी आहे." गिऱ्हाईक बिचारं फेसातून निरोप पोचवायचं.

मग दिवा बदलताना मामा स्टुलावरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दुकान त्यांच्या चुलतभावानं सांभाळलं. मामा बाकावर बसून त्याच्या चुका काढायचे. डाव्या हातानं जास्वंदीवर कात्री चालवायला गेले, तर मामींनी कात्रीच काढून घेतली. एक शब्द न बोलता.

फांद्या सुटल्या. वेड्यावाकड्या, चारी दिशांना. मामा तिकडे पाठ करून बसू लागले. एके दिवशी मात्र घाईघाईत घरी आले.

"झाडाला रोग लागलाय. शेंड्याशेंड्याला हिरवे फोड आलेत."

मामी अबोला विसरून दुकानापर्यंत चालत गेल्या. बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "कळ्या आहेत त्या. नव्या फुटीला येतात. तुम्ही रोज शेंडे उडवत होतात, मग कशा येणार?"

पहिलं फूल उमललं तेव्हा मामांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला बाहेर नेऊन दाखवलं. संध्याकाळी ते मिटलं, तसा त्यांचा चेहरा पडला.

"गेलं."

"एका दिवसाचंच असतं. उद्या दुसरं येईल."

मामांनी मिटलेलं फूल बोटानं हळूच उचलून पाहिलं. "बहिणीला सांग, जात चांगली आहे."

"स्वतः सांगा," मामी म्हणाल्या. मामांनी खरंच फोन केला, आणि पुढचा अर्धा तास मेहुणीचं ऐकून घेतलं.

पुढे फुलं इतकी यायला लागली, की मामी पाकळ्या वाळवून त्यांचा लिंबू पिळलेला आंबट, लालभडक चहा करायच्या. पानं चुरगाळून केस धुवायच्या, फुलं खोबरेल तेलात उकळायच्या. ते तेल मामांनीही गुपचूप चोळलं. केस आले नाहीत, डोकं मात्र असं चकाकू लागलं, की एका गिऱ्हाइकानं विचारलंच, "या तेलानं केस येतात का हो?"

"आहेत ते टिकतात म्हणे. माझ्याकडे टिकायला कुणी नव्हतंच."

आता छाटणी वर्षातून एकदाच, थंडी सरली की. छाटलेल्या फांद्या मामा गिऱ्हाइकांना देतात. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच दारांत आज ती जास्वंद आहे.

मध्यंतरी झाडावर पांढरे, कापसासारखे किडे बसले. मामांनी साबणाचं पाणी कालवलं, दाढीचा जुना ब्रश घेतला आणि एकेक फांदी फेसानं माखू लागले. खुर्चीत ताटकळलेले एक गृहस्थ वैतागून बाहेर आले. "अहो, माझा नंबर होता ना?"

मामांनी मान वर न करता सांगितलं, "बसा. हिचं एका बाजूचं झालंय, अर्धवट कसं सोडू?"