गप मिस्त्री आणि पन्नासाच्या पुढची थरथर

समस्त वाहनमालक, वाहनचालक आणि वाहनात फुकट बसणारे यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चिंचवडच्या गप मिस्त्रींच्या हुकुमानुसार धावत्या गाडीत बोलणे, खोकणे, गुणगुणणे आणि घरची आठवण येऊन सुस्कारा सोडणे सक्त मना आहे. हुकूम मोडणाऱ्यास भर पावसात रस्त्यावर उतरवण्यात येईल. ही थट्टा समजू नये. मला उतरवलं होतं, आणि गाडी मीच चालवत होतो.

त्यांचं खरं नाव उस्मानभाई. मुंबई रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिच्यातच मागे एक खाट. हे एकोणीसशे पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यानचं सांगतोय. चिंचवड तेव्हा गावच होतं, कारखाने नुकते कुठे येऊ लागले होते. मी रत्नागिरीकडचा, शेतीचे पंप विकणाऱ्या एका कंपनीत नवा लागलेला. कंपनीने मला एक म्हातारी विलायती गाडी दिली होती आणि चाकण-खेडचा सगळा मुलूख. ओळखीचं माणूस मात्र एकही दिलं नव्हतं. दिवसभर मी पंपांविषयी बोलायचो आणि संध्याकाळी खोलीवर येऊन भिंतीशी. भिंत चांगली होती, मध्ये तोंड घालायची नाही.

त्या गाडीला एक विचित्र दुखणं होतं. उन्हाळ्यात ती गाय होती. पाऊस सुरू झाला की काटा पन्नास मैलांच्या पुढे सरकायचा अवकाश, तिला हुडहुडी भरायची. स्टेअरिंग हातात असं थरथरायचं की समोरून येणाऱ्याला वाटावं, हा मला नमस्कार करतोय. पुण्यात दोन ठिकाणी दाखवली. एकाने इंजिन उघडलं, दुसऱ्याने ते पुन्हा उघडलं. थरथर तशीच.

मिस्त्रींनी काहीच उघडलं नाही. चपला काढल्या, मागच्या सीटवर बसले, अनवाणी तळवे गाडीच्या तळाला टेकवले आणि डोळे मिटले. "पुढं बसलं की डोळं मधी मधी करत्यात," म्हणाले. "चला, देहूरोडपत्तुर. आन् गप बसा. गाडी बोलतीया, तिचं आइका."

मी म्हणालो, "मिस्त्री, मला वाटतं हे..."

"थांबवा. उतरा खाली."

मी उतरलो. ते छत्री घेऊन माझ्यामागे आले आणि शांतपणे म्हणाले, "बोलून घ्या. सगळं बोलून घ्या, मग बसा." मी तिथे, पावसात, एका बाभळीसमोर माझं मत मांडलं. बाभळीचा विरोध नव्हता. मग आम्ही गाडीत बसलो.

काटा पन्नासाच्या पुढे गेला आणि थरथर आली. "आता गिअर काढा. पाय उचला." गाडी नुसती घरंगळू लागली, इंजिनाचा आवाज पडला, थरथर तशीच राहिली. "इंजिनाचं न्हाई. हाताला येतीया का बुडाला?" हाताला, मी खूण केली. "मंजी म्होरली चाकं. उन्हाळ्यात येत न्हाई ना? मग पावसानं काय आणलं ते बघू."

त्यांनी पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने हात घातला आणि भाकरीएवढा काळ्या मातीचा गोळा ओढून काढला. पंप दाखवायला मी शेतांच्या बांधापर्यंत गाडी घालायचो. चिखल चाकात भरायचा, गाडी रात्रभर उभी राहिली की ओघळून खालच्या अंगाला जमायचा आणि तिथेच आवळून बसायचा. चाक एका बाजूला जड. सावकाश चाललं तर कळणार नाही, पळवलं की अंगात येणार. "शेतकऱ्याचं शेत घिऊन हिंडताय राव," ते म्हणाले. "परत द्या त्याचं त्याला."

खरं तर तेवढ्यावर आमचा संबंध संपायला हवा होता. चाक मीही धुऊ शकत होतो. पण पावसाळ्यात चाकणहून परतताना गाडी आपोआप शेडकडे वळायची, मिस्त्री चाकं खरवडायचे आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "ट्रायल घ्याया पायजे." मी म्हणायचो, घ्यायलाच पाहिजे. चिखल काढल्यावर कसली ट्रायल, हे दोघांनाही ठाऊक होतं. आकुर्डी मागे पडायची, वायपर इकडून तिकडे जायचे, आणि एक बडबड्या आणि एक मिस्त्री तोंड मिटून देहूरोडला जाऊन यायचे. खोलीवरच्या शांततेपेक्षा ही शांतता मला फार बरी वाटायची.

'गप बसा' हे मुळात मुलापायी त्यांच्या तोंडात बसलेलं वाक्य, हे मला पुढे कळलं. हा मुलगा, युसूफ, त्यांच्या हाताखालीच तयार झाला होता. "तुमच्यावानीच. तोंडाला ब्रेक न्हाई. ट्रायलला बसला की हितनं तितपत्तुर बडबड." फाळणीच्या धामधुमीत तो मामाबरोबर कराचीला गेला, तिथल्या बस गॅरेजात लागला. आई आधीच वारली होती. तो बापाला बोलवत होता, आणि मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं होतं: "पावसाळा सरू द्या. पावसात गाड्या थरथरत्यात, मला कुठली सवड?" पावसाळा सरायचा. मग म्हणायचे, मी गेलो तर पुढच्या पावसाळ्यात गाड्या बघायला इथे कोण आहे?

एका आषाढात मी चाकणहून आलो तेव्हा त्यांना खोकला होता. म्हणाले, "आज आधी ट्रायल, मग चाकं." निघालो. काटा चढला, थरथर सुरू झाली. मी वाट पाहिली. मागून आवाज आला, "आज बरी हाय गाडी."

मी काही बोललो नाही. हुकूमच तसा होता. पण त्यांनी डोळे उघडले असावेत, कारण आरशात पाहिलं तर ते माझ्या हातांकडे बघत होते. स्टेअरिंगसकट माझे दोन्ही हात थडथडत होते. त्यांनी तळवे पुन्हा नीट टेकवले, दाबून पाहिले, आणि मग वाकून चपला घातल्या. चालत्या गाडीत त्यांना चपला घालताना मी प्रथमच पाहिलं.

शेडशी उतरताना एवढंच म्हणाले, "पावलं बधिर झाली, राव. आता युसूफला काय सबब सांगू?"

कराचीला जायच्या परवान्याची खटपट पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालली. मुंबईहून आगबोट होती. मी म्हटलं, लोणावळ्यापर्यंत गाडीने सोडतो, तिथून आगगाडी धरा. शेवटची ट्रायल. आदल्या संध्याकाळी मी चारही चाकं आतून हात घालून धुतली. हातावर त्यांचाच वास आला, ओल्या मातीचा आणि ग्रीसचा.

मिस्त्री सवयीने मागेच बसले. चपला काढल्या, थोडा विचार केला, पुन्हा घातल्या. देहूरोड गेलं, वडगाव गेलं. रस्ता काळाभोर ओला होता, काटा पन्नासाच्या पुढे होता, आणि गाडी अशी चालली होती जणू तिला आयुष्यात कधी हुडहुडी भरलीच नव्हती. मला सांगायचं पुष्कळ होतं. पण त्या गाडीत बोलायची मला सवय उरली नव्हती, आणि आरशात बघायचा धीर होत नव्हता.

कामशेतच्या जवळपास मागून त्यांचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आरं बोला की राव कायतरी. मला गाडीचं काय बी आइकू येईना."