दीड वीत

वैद्यकातलं मला काही कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, पण शिकलो इतिहास. तेव्हा ऑपरेशनवर मी लिहावं हे धाडसच आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. लिहितोय ते धाकट्या बहिणीमुळे. तिच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. वेळेवर काढली तर बाई वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. ती मात्र तयार होईना. "मी बाबाची कूस पाह्यली हाय, दादा," एवढंच म्हणायची.

ती कूस मीही पाहिली होती.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अमरावतीला पहिल्या वर्षाला होतो आणि बाबा अकोल्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलायचे. त्यांच्या मूत्रपिंडातला खडा दवाखान्यात चिरून काढला. मी सुट्टीला घरी पोचलो तेव्हा कंपाउंडर पट्टी बदलत होता आणि बहीण, तेव्हा लहान पोर, इनॅमलचं भांडं धरून उभी होती. पट्टी निघाली आणि मी भिंत धरली. पाठीकडून निघालेली चीर पार पोटापर्यंत आली होती. मधे एका जागी पू. कंपाउंडर सहज म्हणाला, "आत जायले जागा नव्हती, मंग बरगडीचा तुकडा काढा लागला." जित्या माणसाची बरगडी कापतात, हे मला माहीत नव्हतं. बहिणीच्या हातातलं भांडं हललंसुद्धा नाही.

संध्याकाळी वस्तीतली माणसं पाहायला आली. आमच्याकडे नुसती तब्येत विचारून कोणी उठत नाही, चीर पाहायची असते. बाबा सदरा वर करायचे. शेजारची मावशी अंगठा न् करंगळी ताणून हवेतच माप घ्यायची.

"दीड वीत हाय वो! डाक्तरनं काम चोख केलं."

"लहान चिरलं असतं तं खडा आतच राह्यला असता," तिचा नवरा म्हणाला.

"आमच्या जिनातल्या जमादाराची तं वीतभरच होती," बाबा म्हणाले. त्या दुखण्यातही त्यांना आपल्या चिरेचा अभिमान वाटत होता. आम्हा सगळ्यांचीच समजूत तशी होती: जेवढी मोठी चीर तेवढा पक्का इलाज.

खडा गेला हे खरं. पण बाबा जिनात परतले आणि बोजा उचलायला वाकले की ती बाजू फुगायची. शेवटी मुकादमानं त्यांना फाटकावर राखणीला बसवलं. त्यानंतर त्यांनी भरली बादलीदेखील कधी उचलली नाही. पाणी बहीण भरू लागली.

म्हणून भाच्यानं जेव्हा सांगितलं, "मामा, रोबोटनं करतात आता, तुमीच समजवा तिले," तेव्हा मी अकोल्याला गेलो खरा, पण मनातून मीच हबकलो होतो.

"मशीन?" ती म्हणाली. "जिनातल्या मशीननं किती जणांचे हात खाल्ले, इसरला का?"

"हे आपल्या मनानं काही करत नाही. डॉक्टर बाजूला बसून बोटं हलवतो, तसंच ते आत हलतं."

"मंग बाजूले काहून बसते तो? जवळ याले भेते का?"

डॉक्टरांकडे गेल्यावर तिनं तेच त्यांना विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझी मूठ आत जायला मोठी चीर लागते, बाई. या यंत्राचं मनगट बोटाएवढं आहे. मला आतलं मोठं करून दिसतं, माझा हात थरथरला तरी ते थरथरत नाही. गाठ तेवढी काढून बाकीचं मूत्रपिंड राखता येईल, असं वाटतं. अडलंच तर मात्र चिरावं लागेल, ते आधीच सांगतो."

"बरगडी?"

"बरगडीला हात लागणार नाही."

ती खुर्चीवरून उठली. मग मला म्हणाली, "चाल, सही करू."

गुडघ्यांमुळे मला ऑपरेशनला जाता आलं नाही. अमरावतीत फोनपाशी बसून होतो. गाठ निघाली, मूत्रपिंड वाचलं, दुसऱ्या दिवशी ती चालू लागली, असं भाच्याकडून कळत गेलं. माझा विश्वास बसत नव्हता. घरी आल्यावर तिचाच फोन आला. शेजारीण पाहायला आली होती. चार-पाच बारीक भोकं पाहून ती म्हणे, "फसवलं वो तुमाले, काहीच नाही काढलं!"

"मलेबी तसंच वाटे," बहीण म्हणाली. "हात लावून लावून पाहो मी. बाबासारखं कुठं काहीच नाही."

पुढे तपासणीत सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी वजन उचलायची मोकळीक दिली, त्याच सकाळी पुन्हा तिचा फोन.

"दादा, बादली उचलली. भरलेली."