मला सुतक लागलं नाही

महेशचा फोन आला तेव्हा मूर्तीचा उजवा डोळा आखून झाला होता आणि डावा बाकी होता. पेणच्या आमच्या गणपती कारखान्यात एका डोळ्याची मूर्ती कुणी तशी सोडत नाही, जग इकडचं तिकडे झालं तरी. फोन मान वाकडी करून खांद्यावर धरला. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, "बरं." बरं! काय हा शब्द! आणि डावा डोळा आखला. हात जरासुद्धा हलला नाही. मग ब्रश ठेवला, मागच्या मोरीत गेले आणि नळ सोडून रडले... दीड महिना झाला, पण ते "बरं" डोक्यातून जात नाही. 

महेश माझा नवरा होता. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. आई म्हणजे त्याची आई, रोह्याजवळच्या वरशाच्या, मीही त्यांना आईच म्हणायचे. आमच्या स्वराची आजी. स्वरा नऊ वर्षांची, माझ्याकडे पेणला राहते. तर आजी गेली म्हणून स्वराला दहा दिवसांचं सुतक, आणि मला काहीच नाही! एका खोलीत दोघी, एका ताटात जेवणाऱ्या. माझ्या आईने शेजारणींना विचारून पक्कं केलं, "तुझं नातं कोर्टात सुटलं ना, तुला नाय लागत." सुतक लागलं असतं तर मूर्तीला हात लावता आला नसता, घरी बसून नीट रडता तरी आलं असतं. नाही लागलं, म्हणून ते दहाही दिवस मी नुसते डोळे आखत बसले. कोण लागत होते मी त्यांची?

राग होता माझा त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू? स्वरा लहान होती तेव्हा गणपतीचा सीझन आला की आईच निरोप धाडायच्या, "आन गो पोरीला हिकडं, रंगाच्या वासात कशाला ठेवतेस?" मग तीन वर्षं ओळीने पावसाळ्याचे महिने पोर वरशाला. तिथल्या अंगणवाडीत तिचं नावसुद्धा घातलं होतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही, आमच्याकडे मूर्ती करणाऱ्या बायकांची पोरं अशीच वाढतात. पण आमचं फाटलं, महेशने मुलीच्या ताब्यासाठी अर्ज केला, आणि अंगणवाडीचं तेच रजिस्टर कोर्टात पुरावा म्हणून उभं राहिलं. म्हणे, ही बाई मुलीला टाकून कामाला जाते, हे बघा!

वर साक्षीला आणलं कोणाला? आईंना. नऊवारी, डोक्यावर पदर, पिंजऱ्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. महेशच्या वकिलांनी विचारलं, "सीझनमध्ये मुलगी तुमच्याकडेच असायची?" "व्हय." "तिची आई भेटायला यायची?" "आठवड्यातून एकदा. कधी नाय पन." सगळं खरं होतं हो, शब्दन्‌ शब्द खरा. पण खरं असं तुकडे करून मांडलं की किती लागतं, ते मला त्या बाकावर कळलं. माझ्या वकिलांनी सांगितलं होतं की मुलावर हक्क कोणाचा हे कोर्ट नंतर बघतं, मुलाचं भलं कशात आहे ते आधी. आणि त्या भल्याची माझी बाजू माझ्याच सासूच्या तोंडून पातळ होत चालली होती. पोर जाते आता हातची, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात न्यायाधीश बाईंनी स्वतःच विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" आईंनी आधी महेशकडे बघितलं, मग बाईंकडे. म्हणाल्या, "बाईसाहेब, ह्यो शिफ्टला जातो. ह्याला कुकर लावता येत नाय. तुमी पोर ह्याला देताय का मला देताय, ते सांगा. मला देत असाल तर मी किती दिवसांची?" महेशने मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत, लिहीत राहिल्या. नंतर त्यांनी स्वराला आपल्या खोलीत एकटीला बोलावलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलं गं? तर म्हणे, "बिस्किटं दिली. दोन खाल्ली, एक आजीला आणलं."

स्वरा माझ्याकडे राहिली. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि सुट्टीचा अर्धा भाग वरशाला, "आजीच्या देखरेखीत" असं हुकमात स्पष्ट लिहिलं. महेश आणि मी समोरासमोर आलो की दोन मिनिटांत तोंडाला तोंड लागायचं, म्हणून पोरीची ने-आण आईच करायच्या. मी वाटेवरच्या वडखळपर्यंत जायचे, त्या तिथे एसटीने यायच्या. रविवारी परत देताना सगळा हिशोब तोंडपाठ, दोन भाकऱ्या खाल्ल्यान, नाक गळतंय, गणिताचं पुस्तक पिशवीत हाय. आणि शेवटी मला, "वाळलीस गो." मी कधी धड उत्तर दिलं नाही. राग होता ना! कसला घट्ट राग, आणि कशासाठी...

त्या गेल्यावर पंधराव्या दिवशी माझ्या वकिलांचा फोन. "परिस्थिती बदलली आहे. देखरेख करणारं माणूसच राहिलं नाही. अर्ज करू, वरशाचं राहणं बंद होईल." अर्ज टाइप होऊन आला, फक्त सही हवी होती. सही करण्याआधी मी स्वराला घेऊन थेट वरशाला गेले. खरं सांगते, त्या घरात काय काय कमी आहे ते बघायला गेले होते मी. पुरावा गोळा करायला.

दार उघडं होतं. आतल्या खोलीत खिडकीच्या गजाला आईंच्या जुन्या लुगड्याच्या तीन लांब पट्ट्या बांधलेल्या, आणि त्यांची खालपर्यंत घातलेली वेणी. वेडीवाकडी, वर घट्ट, खाली ढिली. हे काय, म्हणून मी बघतच राहिले. महेश मागे येऊन उभा. "आईने बांधलंय. मे महिन्यात. पोटाचं दुखणं बरं होणारं नाय हे तिला ठाऊक होतं, तुला सांगू नको म्हणाली. शिफ्टवरून आलो की बसवायची इथं. म्हणायची, तवा कोर्टात मीच तुला अडवला, आता मीच शिकवते. कुकर आला. डबा आला. वेणी काय जमत नाय गो."

ज्या बाईवर मी तीन वर्षं धुसफुसले, ती मरणाच्या दारात बसून माझ्या पोरीच्या बापाला वेणी शिकवत होती! मी तिथेच मटकन खाली बसले आणि त्याच्यासमोर मोठ्याने रडले. स्वरा घाबरून माझ्या पाठीला चिकटली.

वकिलांना मी नाही म्हणून कळवलं. ते चिडले, चिडू देत. स्वरा शनिवारी जाते, वडखळला आता महेश येतो, आणि आम्ही भांडतो अजून, पण पोरीच्या वेण्या घातलेल्या असतात. मागच्या वेळी त्याने विचारलं, "खिडकीचं ते लुगडं सोडून ठेवू का?"

मी म्हटलं, "राहू दे. तुझा मधला पेड अजून सैल पडतो."