चौकीवरची खाट

निजामाच्या अमलात नेकनूरचा बाजार करून परतताना वेशीबाहेर पोलिसांची चौकी लागायची. तिथला जवान कायम खाटेवर आडवा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात चांदण्या उगवल्या, की तो पडल्या पडल्याच एक डोळा मिटून लाठीनं येणाऱ्याजाणाऱ्याला सप्तर्षी दाखवायचा.

"त्या चार चांदण्या म्हंजी म्हातारीची खाट, मास्तर. मागच्या तीन म्हंजी चोर."

"मग धरा की त्यांना!"

"वरची हद्द आपली न्हाई," तो जागचा न हलता म्हणाला. "आन् जातेत कुठं? खाटेला पाय चार, चोर तीन. चौथा पाय कोण उचलणार? म्हणून तर ध्रुवाभोवतीच फिरायलेत."

शाळेत मी सात ऋषीच शिकवायचो, पण मान वर केली की मला आधी चोर दिसू लागले.

एका बाजाराच्या संध्याकाळी जवान भुईवर घोंगडी टाकून पडलेला दिसला.

"खाट कुठाय?"

"चोरीला गेली. पाणी प्यायला आत गेलतो."

मला हसू आवरेना. त्यानं मात्र लाठीनं आभाळातले तिन्ही चोर नीट मोजले आणि गंभीरपणे म्हणाला,

"आमचे चौघं असणार, मास्तर."