मुरघासाचा खड्डा

मुरघासाचा आंबूस-गोड वास आला, की आणे पठारावरचा तो उन्हाळा आठवतो. हिरवा चारा मुरवून साठवायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाच्या बाईंनी मक्याची कुट्टी आमच्याच पायांनी खड्ड्यात तुडवून घेतली, वर प्लास्टिक झाकलं नि बजावलं, "दीड महिना उघडायचा नाय." पण मी गावातली पहिली मुरघासवाली! येईल त्या बाईला प्लास्टिक उचलून दाखवायचे. "अगं, हवा शिरंल," सासूबाई म्हणायच्या. "तुमाला काय कळतंय त्यातलं, आत्याबाई?" मी फणकारायचे. शेवटी सगळ्या चाऱ्याला बुरशी लागली. दुसरा चारा नव्हता, म्हणून सासूबाईंची गाभण गाय विकावी लागली. गायीला घेऊन टेम्पो आळेफाट्याच्या बाजाराकडे गेला, तरी त्या रागावल्या नाहीत. रिकामा गोठा झाडत राहिल्या. एवढी तोंडाळ मी, पण तेव्हा एक शब्द फुटला नाही. आता फुटतो, तर ऐकायला त्या नाहीत.