भावजींचा न भागणारा आकडा

माझे धाकटे दीर घरोघरचे विजेचे मीटर वाचायचे. मुखदुर्बळ माणूस, लग्न केलं नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका मीटरच्या अंगावरचा नंबर मात्र त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच. ८२९३४८९५१. दोन, तीन, सात, अकरा, कशानेच भागेना.

"वहिनी, हा कुणाच्याच पाढ्यात नाही. मी दाखवतो करून. जन्मात एक काम तरी पुरं करतो."

"आमच्या घरात एक आहेच तसला, कुणाच्या पाढ्यात न बसणारा," मी म्हटलं. हसले.

मी चौथी शिकलेली. मला त्यांनी समजावलं ते असं, की भाग देणारे आकडे जोडीने येतात. जोडीतला धाकटा एकोणतीस हजारांच्या आत सापडला नाही, तर थोरला शोधायलाच नको. त्यातही जे स्वतः कुणाने भागत नाहीत तेवढेच बघायचे. तसे तीन हजारांवर निघाले. त्यांची यादी लिहून झाली आणि काचबिंदूने डोळे गेले. मग यादी मी वाचायची, भागाकार ते तोंडाने करायचे, वहीत मी मांडायचा. दुपारची भांडी आवरली की एखाद-दोन आकडे. सहा वर्षं.

एकोणवाल्या आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. एका दुपारी मी वाचलं, "सात हजार नऊशे एकोणतीस."

"अहो, हा तर तिनाने जातो. यादीत घुसला कसा? माझीच चूक. खोडून टाका."

खोडला.

शेवटचा आकडा झाला त्या दिवशी भावजींनी दाढी केली, नवा सदरा घातला, जुन्या ऑफिसातल्या तिघांना चहाला बोलावलं. सून कामावरून आली. "काका, कॉम्प्युटरवर पण बघू या की," म्हणाली. बिचारीला वाटलं, त्यांचा मान वाढेल. आकडा घातला, मग पुन्हा एकदा घालून बघितला.

"काय गं?"

"भागतो हो, काका. सात हजार नऊशे एकोणीस गुणिले एक लाख चार हजार सातशे एकोणतीस."

"जाऊ दे रे, चहा तर झकास झाला," पाहुण्यांतला एक म्हणाला.

भावजींनी बसल्या जागी गुणाकार केला. बरोबर आला. "वहिनी, यादीत एकोणीस आहे का बघा."

होता. खोडलेला.

"मी एकोणतीस वाचलं होतं, भावजी."

चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. नुसती मान हलवली. आता हाक मारली तर जेवायला उठतात, नाही मारली तर नाही उठत. परवा मी धीर करून म्हटलं, "दुसऱ्या एखाद्या मीटरचा नंबर घेऊ या का?"

"वाचणार कोण?"

एवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.